सोमवारी बंद पडणारी गाडी

आमची गाडी सोमवारी बंद पडायची. मंगळवारी कधीमधी. गुरुवारी-शुक्रवारी कधीच नाही. हे बायकोने मला तिच्या नोकरीच्या पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. त्यावर मी म्हणालो होतो, "गाडी शंकराची भक्त दिसतेय, सोमवारचा उपास करते." मुलगी हसली, मीही हसलो. बायको हसली नाही, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गाडी छोटी डिझेल हॅचबॅक, आमच्या आधी दोघांनी वापरलेली. इथे छोट्या गाडीत डिझेल फारसं कुणी घेत नाही, पण मी हट्टाने घेतली. पुण्यात मी सात वर्षं डिझेलचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. रोज शेकडो पंप माझ्या हाताखालून जायचे. नंतर सॉफ्टवेअरमध्ये शिरलो, त्या जोरावर मेलबर्नला आलो, टार्निटमध्ये घर घेतलं. आता दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. पण कुठे डिझेल इंजिनाचा आवाज आला की अजून मान वळते. डिझेल म्हणजे आपला विषय, असा माझा समज होता आणि तो मी घरात सगळ्यांना पाठ करून दिला होता.

पहिलं दीड वर्ष गाडीला काही काम नव्हतं. स्टेशन, इंडियन ग्रोसरी, मुलीचं स्विमिंग. पंधरा मिनिटांपेक्षा लांब आम्ही क्वचितच गेलो. मग बायकोला नोकरी लागली.

ती नोकरी म्हणजे आमच्या घरात मोठी गोष्ट होती. ती मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी. इथे आल्यावर पाच वर्षं तिने सुपरमार्केटच्या काउंटरवर, चाइल्डकेअरमध्ये, मिळेल ते केलं. "लोकल एक्सपीरियन्स नाही" हे एकच उत्तर तिला किती वेळा मिळालं असेल, मी मोजणं सोडून दिलं होतं. आणि अचानक जिलाँगच्या पलीकडे एका दुधाच्या कारखान्यात लॅबची जागा निघाली. सहा महिने प्रोबेशन. घरापासून सत्तर किलोमीटर. ट्रेन जिलाँगपर्यंत जाते, पण कारखाना तिथून पुढे शेतांच्या मधोमध, म्हणून गाडीला पर्याय नव्हता. सकाळी सातला दुधाचा पहिला टँकर यायचा. तिने नमुना तपासून ठीक म्हटल्याशिवाय तो रिकामा करायचा नाही, असा नियम. म्हणजे ती वीस मिनिटं उशिरा पोचली तर टँकरवाला वीस मिनिटं उभा, त्याच्यामागे दुसरा उभा, आणि सगळे घड्याळाकडे बघतायत.

मी गाडीची किल्ली तिच्या हातात दिली आणि स्टेशनला चालत जायला लागलो. एकच अट घातली. डिझेल मी भरणार, तू नाही. इथे पेट्रोल-डिझेलच्या नळ्या शेजारी शेजारी असतात, घाईत चुकून पेट्रोल गेलं तर पंप मेलाच म्हणून समज, असं मी तिला दोन-तीनदा सुनावलं. बाई पाच वर्षं जंतूंचा अभ्यास करून पास झालेली, तिला हिरवी नळी आणि काळी नळी कळणार नाही, असं मला का वाटलं, देव जाणे. पण ती म्हणाली, "बरं, तू भर." मी दर रविवारी भरायला लागलो.

दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. सकाळचे साडेसहा, बाहेर अंधार, धुकं. लिटल रिव्हरच्या पुढे फ्रीवेवर गाडीने आधी पिकअप सोडला, मग धक्के दिले आणि बंद पडली. ती कशीबशी इमर्जन्सी लेनमध्ये आली होती. मोठे ट्रक शेजारून जाताना गाडी हलत होती, ते मला फोनमधून ऐकू येत होतं.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "हॅझर्ड लाइट लाव, डावीकडून उतर आणि कठड्याच्या पलीकडे उभी राहा. पंधरा मिनिटांनी परत स्टार्ट कर."

पंधरा मिनिटांनी गाडी चालू झाली आणि पुढे नीट गेली. ती बावीस मिनिटं उशिरा पोचली.

संध्याकाळी मी बॉनेट उघडलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. कितीतरी वर्षांनी हाताला डिझेलचा वास. लक्षणं सरळ होती. गाडी पिकअप सोडून, धक्के देऊन बंद पडते आणि थांबल्यावर आपोआप चालू होते, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरत नाही. आता डिझेल टाकीतून पंपापर्यंत येताना कुठे अडतंय एवढंच शोधायचं. या गाडीत टाकीच्या आत वेगळा पंप नाही, पुढचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे वाट कुठे तुंबली किंवा कुठून हवा शिरली की तो उपाशी.

मी फिल्टर बदलला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, गाडी बंद पडली.

मी सगळ्या नळ्यांचे क्लॅम्प बदलले. पुन्हा सोमवार. मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी जोडली, कारण लाइन एअर घेत असेल तर त्यात बुडबुडे दिसतात. ड्राइव्हवेमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवून नळीकडे बघत बसलो. एक बुडबुडा नाही. मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "डॅड, आर यू वॉचिंग टीव्ही?"

पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर मी रोज हकीकत टाकत होतो. सहा जणांनी आठ कारणं सांगितली. त्यातलं एक मला पटलं. टाकीच्या तळाशी गाळ असेल, डिझेल कमी झालं की तो ओढला जातो. म्हणून मी नियम केला, रविवारी टाकी काठोकाठ भरायची. तोपर्यंत मी अर्धीच भरत होतो. हा नियम केल्यापासून गाडी दर सोमवारी बंद पडायला लागली, न चुकता, घरातून निघाल्यावर पस्तीस-चाळीस मिनिटांनी. माझ्या औषधानेच रोग वाढत होता, आणि मी डोस वाढवत होतो.

बायकोने फोनवर नोंद ठेवली होती. वार, किती मिनिटांनी बंद पडली, किती वेळाने चालू झाली, काटा कुठे होता. ती लॅबवाली, तिला ती सवयच. एकदा जेवताना तिने फोन माझ्यापुढे धरला. "हे बघ ना. टाकी भरलेली असली की होतं. रिकामी होत आली की होत नाही."

"उलटं असेल," मी म्हणालो. "भरलेल्या टाकीने गाडी उपाशी कशी राहील? असं नसतं गं."

"मला नाही माहीत असतं की नसतं. मी काय दिसतंय ते सांगतेय."

मी फोन बघितला नाही. पोळी संपवली आणि पुढच्या रविवारी सकाळी गाडी घेऊन एकटाच फ्रीवेला लागलो. जिलाँगपर्यंत गेलो, परत आलो. दोन तास. गाडी लोण्यासारखी चालली. परत येताना टाकी भरली. (ती जाताना भरलेली असती तर हे सगळं तिथेच संपलं असतं. पण मी जवळजवळ रिकामी टाकी घेऊन गेलो होतो.) घरी येऊन मी जे बोललो ते मला आजही आठवतं, आणि आठवलं की कानशिलं तापतात.

मी म्हणालो, "माझ्या हातात काही होत नाही. तू बहुतेक टॉप गिअरमध्ये फार लवकर टाकतेस. किंवा घाबरून क्लच दाबतेस. नाचता येईना, अंगण वाकडं."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

त्यानंतर एक बदल झाला. ती माझ्याशी गाडीबद्दल बोलेनाशी झाली आणि गाडीत बसताना घाबरायला लागली. सकाळी पावणेसहाला किल्ली हातात घेऊन ती दारात दोन-तीन मिनिटं नुसती उभी राहायची. मी आतून हे सगळं बघत होतो आणि माझा निष्कर्ष आणखी पक्का करत होतो, की बघा, ड्रायव्हर नर्व्हस आहे.

कुणी विचारेल, मेकॅनिककडे का नेली नाही. तिनेही विचारलं होतं. मी म्हणालो, इथल्या मेकॅनिकला छोट्या डिझेलचं काय कळतंय. खरं कारण वेगळं होतं. सात वर्षं ज्या पंपांवर काढली, त्यातला एक मला कळत नाही, हे अनोळखी माणसापुढे कबूल करायची माझी तयारी नव्हती. एकदा रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारा रोडसाइडवाला आला होता. तो पोचेपर्यंत गाडी चालू झाली होती. "ऑल गुड, मेट, नो वरीज," म्हणून तो गेला. तेही मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं.

चौथ्या महिन्यात तिच्या सुपरवायझरने तिला बसवून सांगितलं, काम उत्तम आहे, पण अजून एकदा उशीर झाला तर प्रोबेशन पुढे नेता येणार नाही. रविवारी दुपारी ती म्हणाली, "मला वाटतं मला जमत नाहीये. एवढा लांबचा ड्राइव्ह माझ्याने होणार नाही."

इथे मी शहाणपणा केला. आपल्याकडचा, सगळ्या बापांनी-काकांनी शिकवलेला शहाणपणा. "त्यांनी काढण्याआधी आपणच सोडलेलं बरं," मी म्हणालो. "रेझ्युमेवर डाग नको. जवळपास काहीतरी मिळेल." तिने राजीनाम्याचं मेल लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं, त्यातलं इंग्रजी दोन ठिकाणी सुधारलं, 'वैयक्तिक कारणांमुळे' हे शब्द मीच घातले. तिने सेंड दाबलं. एक आठवड्याची नोटीस. मग मी जाऊन टाकी भरून आणली.

सोमवारी साडेनऊला मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. सकाळी साडेसहाला तिचे दोन मिस्ड कॉल होते, मी तेव्हा अंघोळीला गेलो होतो. परत फोन केला तर तिने उचलला नव्हता. आता एक फोटो आला. सोबत एक शब्द नाही. तिच्या तळहातावर प्लास्टिकचा एक गोल तुकडा, दुहेरी, कडा कात्रीने कापलेल्या. त्यावर लाल अक्षरं अर्धीमुर्धी दिसत होती. जाड पोहे.

मला सगळं एका क्षणात कळलं. मीटिंगमध्ये कुणीतरी माझं मत विचारत होतं, मी फोटो मोठा करून बघत होतो.

दोन वर्षांपूर्वी, गाडी घेतली तेव्हा, टाकीच्या झाकणाची रबरी रिंग तडकलेली होती. टाकी भरली की वळणावर डिझेल पाझरून रंगावर ओघळ यायचे. नवीन झाकण मागवायचं ठरवलं आणि तोवर तात्पुरतं म्हणून मी पोह्यांची रिकामी पिशवी कापून, घडी करून, रिंगेच्या आत बसवली. ही विद्या वडिलांची. पुण्यात पावसाळ्यात त्यांच्या स्कूटरच्या झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा असायचाच, टाकीत पाणी जाऊ नये म्हणून. आमच्या अख्ख्या गल्लीतल्या स्कूटरना असायचा. ओघळ थांबले, नवीन झाकण राहून गेलं आणि मी ते विसरलो.

त्या झाकणात एक बारीक व्हॉल्व्ह असतो. डिझेल खर्च होईल तशी तेवढी हवा तो आत सोडतो. माझ्या प्लास्टिकने तो बंद झाला होता. हवा आत येईना, टाकीत पोकळी तयार व्हायची आणि शेवटी पंपाच्या ओढीपेक्षा टाकीची ओढ जास्त व्हायची. गाडी थांबली की कुठून तरी हळूहळू हवा झिरपायची आणि पंधरा मिनिटांत सगळं ठीक. टाकी काठोकाठ भरली तर आत हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर. टाकी रिकामी असेल तर उशिरा, किंवा नाहीच. पंधरा मिनिटांच्या स्टेशन-फेरीत कधीच नाही. तिने हे निरीक्षण मला जेवताना ताटाशेजारी आणून दिलं होतं. आणि दर रविवारी ते झाकण माझ्याच हातात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी चार महिने घातला.

तिने ते कसं शोधलं, हे तिने संध्याकाळी सांगितलं. गाडी नेहमीच्या जागी बंद पडली. तिने मला फोन केला, मी उचलला नाही. "मग मी विचार केला, नोकरी तर गेलीच आहे, आता घाबरायचं कशाला. मी ज्याला हात लावला नाहीये, असं गाडीत काय आहे? एक झाकणच होतं. ते उघडलं तर केवढ्यांदा हवा आत गेली. कुकरची शिट्टी उलटी झाल्यासारखी. किल्ली फिरवली, पहिल्या फटक्यात चालू." कारखान्यात पोचल्यावर तिने झाकण उलटं करून बघितलं आणि नखाने रिंग वर केली.

तुकडा जेवणाच्या टेबलावर होता. मुलीने तो उचलून बघितला. "इज दिस अ पोहा पॅकेट? हू पुट इट इन द कार?"

"युअर डॅड," बायको म्हणाली.

मुलगी आत गेल्यावर मी सॉरी म्हणालो. दोनदा म्हणालो. ती ओरडेल अशी माझी अपेक्षा होती, खरं तर इच्छाच होती.

"प्लास्टिकचं मला काही नाही," ती म्हणाली. "माझ्या बाबांच्या स्कूटरलाही असायचं. मला तुझाही एवढा राग नाही आलाय. मला माझा आलाय. मला दिसत होतं रे. लिहून ठेवलं होतं मी. तरी मी म्हटलं, हा सात वर्षं पंप तपासत होता, ह्याला जास्त कळत असणार. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तुझ्यावर ठेवला. आणि राजीनामा दिला."

मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही. मी म्हणालो, "राजीनामा परत घे. मी येतो, मी सांगतो त्यांना." ती म्हणाली, "तू नको. मी सकाळीच विचारलंय."

तिने सुपरवायझरला झाकण, पिशवी, सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. तो हसला होता आणि म्हणाला होता, बघतो, बुधवारपर्यंत सांगतो. मंगळवार आणि बुधवार आम्ही दोघांनी आपापल्या कामावर वाट बघत काढले. मी नवीन झाकण आणलं, बसवलं. एक माफीचं पत्रही लिहायला घेतलं, कारखान्याला, माझ्या नावाने. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "हे पाठवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मी खोडून टाकलं.

बुधवारी दुपारी त्याने तिला बोलावलं. तिची जागा सोमवारी सकाळीच, ती पोचायच्या आधी, एका कॅज्युअल, म्हणजे तासावारी काम करणाऱ्या, मुलीला दिली गेली होती. ती कारखान्यापासून दहा मिनिटांवर राहायची. त्याला खरंच वाईट वाटत होतं, असं बायको म्हणाली. मेल एक दिवस उशिरा आलं असतं तर, असं तो म्हणाला म्हणे.

राहिलेले दोन दिवस ती जाईलच असं मला वाटलं नव्हतं. पण नोटीस म्हणजे नोटीस. गुरुवारी पावणेसहाला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, शुक्रवारीही आला. मी अंथरुणात पडून तो ऐकत होतो. पंप ठणठणीत होता.

शुक्रवारी ती चारला घरी आली. दुधाच्या कारखान्यातल्यांनी दिलेलं चीज आणि एक कार्ड तिने ओट्यावर ठेवलं, पाणी प्यायली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "गाडी कशी चालली?" शब्द तोंडातून गेले आणि जीभ चावावीशी वाटली.

"छान," ती म्हणाली. "मंगळवारपासून रोज वेळेच्या आधी पोचले. आज तर पावणेसातलाच. टँकर यायला पंधरा मिनिटं होती, म्हणून पार्किंगमध्ये गाडीत बसून रडून घेतलं. मग सातला आत गेले."